कनकलताबाईंची गुप्त साधना

बायकोला एक साधा प्रश्न विचारायचा नाही, असं वेंकटरावांनी ठरवलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं. प्रश्न काही मोठा नव्हता. "तूं हें काय करते आहेस?" एवढाच. तो त्यांनी त्याच दिवशी स्वयंपाकघरात विचारून टाकला असता, तर मेलवीथी या त्यांच्या गल्लीतल्या निम्म्या मराठी बायकांचं भलं व्हायचं राहून गेलं असतं हे खरं. पण वेंकटरावांची अब्रू तरी शाबूत राहिली असती.

वेंकटराव तंजावरच्या टेलिफोन खात्यात हेडक्लार्क. ते दिवस मोठे धामधुमीचे होते. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उघडले होते, गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबत होत्या, आणि कोपऱ्यावरचा नारळपाणीवालासुद्धा आता बाटलीतलं रंगीत पाणी विकायला लागला होता. या सगळ्या प्रगतीत वेंकटरावांचा वाटा म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकणे. पण संध्याकाळी घरी आले की ते राजे असत. कारण घरी ते विनोद सांगत आणि त्यांची बायको हसत असे.

कनकलताबाईंचं हसणं साऱ्या वीथीत प्रसिद्ध होतं. आधी नुसते खांदे हलत, आवाज नाही. मग मांडीवर एक थाप. मग डोळ्यांतून पाणी आणि मग तो आवाज, की समोरच्या घरातली म्हातारी विचारी, "वेंकटराव आले वाटतें ऑफिसांतून?" दोन्ही मुलं शिकायला बाहेरगावी गेल्यापासून घरात ही दोघंच. एक सांगणारा आणि एक हसणारी. वेंकटरावांना आयुष्यात दुसरं काही फारसं जमलं नव्हतं (गाडी चालवणं नाही, गाणं नाही, साहेबाची मर्जी राखणं तर नाहीच), पण बावीस वर्षं ते एका बाईला हसवत आले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

ते हसणं बंद झालं.

पापनाशमला एका लग्नाच्या पंगतीत वेंकटरावांनी आपला हुकमी विनोद सांगितला, स्टेशनमास्तरचा. एक म्हातारा विचारतो, पुढची गाडी कधी? मास्तर म्हणतात, सकाळी. म्हातारा म्हणतो, त्याच्या आधीं कांहीं नाही? मास्तर म्हणतात, अहो, पुढच्या गाडीच्या आधीं गाडी असती तर तीच पुढची नसती काय? पंगत गप्प राहिली, पण कनकलताबाईंचे खांदे हलले, मांडीवर थाप पडली, आणि मग त्या एकदम थांबल्या, पानावरून उठल्या आणि आत निघून गेल्या. आल्या त्या दुसरी साडी नेसून. वेंकटरावांना वाटलं, रसम सांडलं असेल. पण त्या दिवसानंतर त्यांनी तोंड उघडून "एकदां काय झालें..." म्हटलं की कनकलताबाई उठून आत जात. धुतलेली भांडी पुन्हा धुवायला.

वेंकटरावांनी नवे विनोद आणले. उपयोग झाला नाही. मग इतरही विपरीत गोष्टी दिसू लागल्या. कनकलताबाई दर शुक्रवारी दुपारी कुठेतरी जाऊ लागल्या. नळावरून भरलेली कळशी त्या उचलीनाशा झाल्या. "तेवढें कुडम आंत आणून ठेवा" म्हणून वेंकटरावांनाच हाक मारीत. दुपारी खोलीचं दार लावून चटईवर पडत, आणि आतून कसलाच आवाज येत नसे. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे त्यांनी कॉफी सोडली. अगदी सोडली नाही, सकाळी अर्धा टंबलर घेत, पण तंजावरात अर्धा टंबलर म्हणजे सोडल्यातच जमा.

मग तो दिवस उजाडला. वेंकटराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर चुलीवर रसम उकळतंय, कनकलताबाईंचा हात पळीवर थांबलाय, डोळे अर्धे मिटलेले, चेहरा समाधी लागल्यासारखा, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सावकाश सरकतो आहे. रसम उतू गेलं तरी बाई हलल्या नाहीत. अंगठा शेवटच्या पेरावर पोचला, त्यांनी सुटल्यासारखा श्वास टाकला आणि डोळे उघडले तर समोर नवरा.

"अय्यो! तुम्हीं पाहिलेंत?"

"पाहिलें," वेंकटराव म्हणाले.

"कोणास बोलूं नका हं. मेलें लाज वाटते."

"कधींपासून?"

"पोंगलनंतर. एक आहेत, मठाच्या गल्लींत. त्यांनीं दाखवून दिलें. तीन महिने नेमानें करायचें म्हणाल्या, मग गुण येतो."

"मला सांगतां येण्यासारखें आहे?"

"तुम्हांस तर मुळींच नाही!" कनकलताबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

इथे वेंकटराव तो प्रश्न विचारणार होते. ओठांपर्यंत आला होता. पण मठाची गल्ली, पेरांवर चाललेला अंगठा, नेम आणि गुप्तता! एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (वेंकटरावांच्या डोक्यात असा उजेड पडला की समजावं, कुठेतरी काळोख झाला आहे.) कनकलतेनं अनुग्रह घेतला होता! आणि गुरूनं कानात सांगितलेला मंत्र नवऱ्यानंही विचारायचा नसतो, विचारला तर त्याचं सामर्थ्य जातं, हे तंजावरातल्या मराठी घरात पोरासोरांनाही ठाऊक. शिवाजीमहाराजांच्या भावाबरोबर जे आले त्यांच्या मागोमाग रामदासी मठ आले, आणि तेव्हापासून हा दंडक कुणी मोडलेला नाही. वेंकटराव काय मोडणार! त्यांनी तोंड मिटलं, मनातल्या मनात हात जोडले आणि पाणी न पिताच बाहेर आले.

आता वेंकटरावांना जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही त्यांच्यासारखेच भरकटाल. दोन बाळंतपणं आणि चाळिशी उलटलेली, त्यामुळे कनकलताबाईंचे ओटीपोटाच्या तळाशी असणारे स्नायू सैल झाले होते. हसलं, शिंकलं, कळशी उचलली, की साडी ओली. एवढंच. हे दुखणं घरोघरी असतं आणि घरोघरी झाकलेलं असतं. कनकलताबाईंच्या दूरच्या नात्यातली अखिला मद्रासहून फिजिओथेरपी शिकून आली होती. दक्षिणवीथीत एका माडीवर तिचं सेंटर होतं, तिथे गुडघे आणि खांदे येत. पण या तक्रारीसाठी जिना चढायला कोणती बाई धजणार? म्हणून अखिला शुक्रवारी दुपारी आपल्या घरीच बसे आणि तिचं घर होतं मठाच्या गल्लीत. तिनं कनकलताबाईंना शिकवलं की ते स्नायू आतल्या आत आवळून वर ओढायचे, पेरांवर मोजत धरायचे, मग सोडायचे. बसून, उभ्यानं, पडून, कसंही. शिंक यायच्या आधी आवळून घ्यायचं. कॉफी कमी, आणि जड उचलणं सध्या बंद. "तीन महिने धीर धर, मामी. मग पोट धरून हास," असं तिनं सांगितलं होतं. कनकलताबाई त्या दिवसाची वाट पाहत होत्या. हसणं आवरून आवरून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

आणि इकडे वेंकटरावांची झोप उडाली होती. त्यांच्या वडिलांच्या आत्येनं असाच अनुग्रह घेतला होता. पुढे ती फक्त स्वतःपुरतं शिजवून एकवेळ जेवू लागली, मग मौन, मग नवऱ्याशी बोलणं बंद, आणि तो बिचारा म्हातारा जन्मभर खानावळीत सांबारभात खात राहिला. वेंकटरावांना खानावळीची भीती नव्हती. बायको हळूहळू दूर जाईल आणि एक दिवस घरात असूनही सापडणार नाही, याची होती. तिच्यावाचून त्यांना करमत नसे, साधी गोष्ट होती. आणि ती तिला सांगायची तर तिच्या साधनेत विघ्न आणल्याचं पाप!

ते आपल्या मामांकडे, अप्पाजींकडे गेले. अप्पाजी निवृत्त शिक्षक आणि भजनमंडळाचे कर्तेधर्ते. सल्ला द्यायला त्यांना कुणी विचारावं लागत नसे, इथे तर भाचा स्वतः चालून आला होता.

"हसते?" अप्पाजींनी तपासणी सुरू केली.

"बंद."

"एकांतांत बसते?"

"दार लावून."

"कॉफी?"

"अर्धा टंबलर. तोही सकाळींच."

अप्पाजींनी हातातला आपला टंबलर हळूच खाली ठेवला. "तंजावरांत जन्मलेल्या बाईनें कॉफी टाकली? वेंकटा, हें वैराग्य रे! कोणीं दिला अनुग्रह?"

"मठाच्या गल्लींतली कोणी बाई आहे म्हणे."

"असूं शकेल. आपल्या परंपरेंत बायकाही गादीवर बसल्या आहेत. तूं कांहीं विचारूं नको. सेवा कर. आणि ते तुझे पाणचट विनोद बंद कर."

वेंकटरावांनी सेवा सुरू केली. कळश्या न सांगता भरून ठेवल्या. कांदा सोडला. खादीभांडारातून एक दर्भासन आणून चटईशेजारी अंथरलं आणि जिभेवर आलेले तीन-चार विनोद गिळले (त्यानं अपचन झालं). कनकलताबाई चकित झाल्या. नवऱ्याला सारं कळलं असावं, असं त्यांना वाटू लागलं. एका संध्याकाळी त्यांनी धीर केला.

"तुम्हांस कळलेंय का?"

"कळलेंय."

"सर्व?"

"सर्व. तूं सांगायची गरज नाही."

"आणि तुम्हांस कसेंसेंच नाही वाटलें?"

"कसेंसें? मला तर अभिमान वाटतो!"

"ह्याचा अभिमान?"

"लाखांत एखादीला लाभतें हें."

"छे हो, पुष्कळींना असतें म्हणे. घरोघरीं."

"घरोघरीं?" वेंकटरावांनी डोळे विस्फारले. "ह्या कलियुगांत? आणि गुण येतोय?"

"येतोय थोडा. परवां शिंक आली तर आवरून धरलें."

शिंकेच्या क्षणीसुद्धा नाम सुटलं नाही! वेंकटरावांनी मनातल्या मनात पुन्हा हात जोडले. कनकलताबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. इतकी वर्षं ज्याला आपण भोळसट समजत आलो त्या नवऱ्यानं किती शहाणपणानं आपली लाज सांभाळली, असं त्यांना वाटलं. त्या रात्री दोघंही फार समाधानानं झोपली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळशी रोज वेंकटरावांच्याच काखेत होती.

पण अप्पाजींच्या पोटात गोष्ट राहणार कशी? दासनवमीला त्यांच्या घरी दरवर्षी भजन असे. माजघरात रामाच्या पट्टाभिषेकाचं सोन्याच्या वर्खाचं जुनं चित्र, समोर समया, सारी मेलवीथी जमलेली. कनकलताबाई नेहमीसारख्या फुलं घेऊन गेल्या, तर दारातच अप्पाजींच्या पत्नी गंगाबाई तांब्याचं घंगाळ घेऊन उभ्या. आत एका पाटाभोवती रांगोळीचा कोलम काढलेला. कनकलताबाईंना त्यावर बसवलं आणि सत्तरीच्या गंगाबाई वाकून त्यांचे पाय धुऊ लागल्या.

"अय्यो, मामी! हें काय करतां?"

"बस ग. आम्हांस सर्व कळलेंय."

"सर्व?" कनकलताबाईंनी पाय मागे ओढले. "कोणीं सांगितलें?"

"वेंकटानें ह्यांना सांगितलें, ह्यांनीं सगळ्यांस."

कनकलताबाईंनी पुरुषांच्या रांगेकडे पाहिलं. वेंकटराव कृतार्थ मुद्रेनं हसत होते. ती नजर दुसऱ्या कुठल्या नवऱ्यावर पडली असती तर तो तिथून तडक ओरत्तनाडू गावाला पायी निघाला असता. पण आपली बायको आता तेजस्वी दिसू लागली आहे, एवढंच वेंकटरावांना वाटलं. कनकलताबाईंना मात्र काही उमजेना. असल्या दुखण्यासाठी पाय धुतात? कुठल्या शास्त्रात?

भजन झालं आणि अप्पाजी म्हणाले, "वेंकटा, दोन शब्द बोल."

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा वेंकटरावांचा जन्मजात स्वभाव. आणि कित्येक आठवडे विनोद गिळून त्यांची जीभ नुसती शिवशिवत होती. ते उठले.

"मंडळी, माझी पत्नी एक गुप्त साधना करते. तें तिला आवडणार नाही, तरी सांगतों. ती साधना कोणास दिसत नाही. रसम ढवळतांना ती करते. बसच्या रांगेंत करते. आतां ह्या क्षणीं, तुमच्या समोर बसून करत असेल, तुम्हांस कळायचें नाही!"

सगळी मंडळी वळून कनकलताबाईंकडे पाहू लागली. कनकलताबाई पाटाकडे पाहू लागल्या.

"पूर्वीं तिचा स्वतःवर ताबा नव्हता. हसली कीं हसली, कांहीं आवरत नसे. आतां ती वाटेल तेवढा वेळ धरून ठेवूं शकते! मी डोळ्यांनीं पाहिलेंय, रसम उतूं गेलें, तिनें सोडलें नाही. शिंक आली तर आधीं साधना करते, मग शिंकते!"

बायकांच्या घोळक्यातून एक चमत्कारिक आवाज आला. अखिला आपल्या आईशेजारी बसली होती. पहिल्या वाक्याला ती गोंधळली, दुसऱ्याला तिनं कान टवकारले, आणि शिंकेपाशी येईतो तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. तिचे डोळे पाण्यानं भरलेले पाहून अप्पाजी गहिवरले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "पाहा, पोर लहान आहे पण भाव केवढा!"

मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. "हें पुरुषांनाही चालतें काय?"

कनकलताबाईंनी हताशपणे अखिलेकडे पाहिलं. अखिलेनं तोंडातला बोळा न काढता होकारार्थी मान हलवली. (शास्त्र ते शास्त्र. खरंच चालतं.)

मग गंगाबाई पुढे आल्या आणि त्यांनी हात जोडले. "कनके, मी म्हातारी झालें. मला दे तुझा मंत्र."

आता मात्र कनकलताबाईंना सारा उलगडा झाला. राग, लाज आणि हसू यांची अशी गर्दी झाली की कुणाला आधी वाट द्यावी ते कळेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना ठाऊक होतं. नुसतं डोळे मिटून गंगाबाईंच्या डोक्यावर हात ठेवला असता तरी वेळ निभावली असती. पण समोर राम बसला होता आणि एका सत्तरीच्या बाईनं आपले पाय धुतले होते. खोटं कसं बोलायचं? त्या उठल्या.

"पुरुषांनीं येथेंच बसावें. बायकांस मी आंत सांगतें. अखिला, तूं ये."

स्वयंपाकघराचं दार लागलं. बाहेर पुरुष अदबीनं बसून राहिले. बराच वेळ नुसती कुजबूज. वेंकटरावांनी कान दिले. बायको आता साऱ्यांची गुरू झाली, म्हणजे आपल्या हातून गेली. एवढ्यात आतून गंगाबाईंचा आवाज आला, "मला तर वीस वर्षें जाहलीं ग!"

अप्पाजी ताडकन उठले. "वीस वर्षें? माझ्याच घरांत? आणि मला पत्ता नाही!"

आणि मग ते हसणं आलं. एकीनं सुरू केलं, दुसरीनं उचललं, भांडी खणखणली, कुणीतरी "बास ग, बास!" म्हणून ओरडलं, आणि त्या सगळ्यांच्या वर वेंकटरावांना तो आवाज ऐकू आला. कितीतरी दिवसांनी. मांडीवर पडलेली थापसुद्धा त्यांनी ओळखली. ते तसेच बसून राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अष्टसात्त्विक भाव," अप्पाजींनी पुरुषांना समजावलं. "आनंदानें असेंच होतें."

घरी आल्यावर कनकलताबाईंनी दाराला कडी लावली आणि मग जे बोलल्या ते सगळं इथे सांगण्यात अर्थ नाही. अर्धं मराठी होतं, अर्धं तमिळ, आणि अर्थ दोन्ही भाषांत एकच होता. त्यात वेंकटरावांना ओटीपोट, स्नायू, साडी, पापनाशमचं लग्न आणि अखिलेचं सेंटर या सगळ्याचा पत्ता क्रमाक्रमानं लागत गेला.

"म्हणजे तूं अनुग्रह घेतला नाहीस?"

"नाही!"

"मौनही धरणार नाहीस?"

"आतां धरतें कीं काय तें पाहा!"

"म्हणजे मला सोडून कोठें जाणार नाहीस."

कनकलताबाई थांबल्या. नवऱ्याचा चेहरा त्यांनी आता नीट पाहिला. "कोठें जाऊं?" त्या म्हणाल्या. "मेलें, एक प्रश्न विचारतां आला नाही तुम्हांस?"

"मंत्र विचारायचा नसतो ना."

"आणि मला वाटलें तुम्हांस कळलेंय!" म्हणत त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी वेंकटरावांनीच भरली. फक्त कांदा पुन्हा खायला सुरुवात केली.

तीन महिने पुरे झाले. खोकल्याची परीक्षा कनकलताबाई उतरल्या, शिंकेची उतरल्या, अर्धी भरलेली कळशीही उचलून दाखवली. राहिली शेवटची, हसण्याची. एका शुक्रवारी अखिलेनं, जोक सांगायचे आहेत असा आठवडाभर आधी निरोप देऊन, वेंकटरावांना घरी बोलावून घेतलं. तिथे चटयांवर कनकलताबाई, गंगाबाई आणि वीथीतल्या आणखी चारपाच जणी बसल्या होत्या. दासनवमीपासून अखिलेचं शुक्रवारचं काम फार वाढलं होतं.

"मामा," अखिला म्हणाली, "मामींना पोटभर हसवायचें आहे. त्याशिवाय मी त्यांना पास करणार नाही. तुम्हीं जोक सांगतां ना?"

वेंकटरावांची छाती फुगली. आजवर लोकांनी त्यांना विनोद बंद करायला सांगितलं होतं. औषध म्हणून कुणी मागितले नव्हते. आठवडाभर त्यांनी तयारी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी थेट स्टेशनमास्तरच काढला. म्हातारा, गाडी, सकाळ, सगळं नीट रंगवून सांगितलं.

कनकलताबाई शांत बसून होत्या.

"आवरून धरूं नको," वेंकटराव म्हणाले. "मोकळी हास. आज हसायचेंच आहे."

"मी कांहीं धरलें नाही हो."

त्यांनी दुसरा सांगितला, तिसरा सांगितला. गंगाबाईंना डुलकी लागली.

"कनके, बावीस वर्षें हसत होतीस ना ह्या विनोदांना?" वेंकटरावांनी विचारलं.

"विनोदाला कोण हसत होतें?" कनकलताबाई म्हणाल्या. "सांगायच्या आधीं तुम्हीच एकटे हसायला लागतां, तोंड बघण्यासारखें होतें. आज इस्त्री करून गंभीर होऊन बसलांत. मग कसें हसूं येईल?"

वेंकटराव चटईच्या कडेला टेकले. बावीस वर्षांची कमाई, आणि ती अशी निघाली. अखिलेला त्यांची दया आली.

"मामा, जोक राहूं द्या. मामींनीं कॉफी सोडली तेव्हां तुम्हांस काय वाटलें होतें, तेवढेंच सांगा."

"मला?" वेंकटराव प्रामाणिकपणे आठवू लागले. "मला वाटलें, वैराग्य. म्हणून मी खादीभांडारांत गेलों आणि दर्भासन मागितलें. तो म्हणाला, कोणत्या साइझचें? आतां साधनेची साइझ मला काय ठाऊक? मी म्हटलें..."

पुढे त्यांना कुणी बोलू दिलं नाही. कनकलताबाईंचे खांदे हलले. मांडीवर थाप पडली. गंगाबाई जाग्या होऊन, कशाला हसायचं ते न विचारताच हसू लागल्या. "पण ह्यांत हसण्यासारखें काय आहे?" असं वेंकटरावांनी खरोखरच विचारलं, आणि मग तर अखिलेनंही भिंतीचा आधार घेतला. कनकलताबाई डोळे पुसत पुसत हसल्या, पोट धरून हसल्या, आणि मग सावकाश उठून त्यांनी आधी आपली साडी पाहिली, मग चटई पाहिली, आणि निकाल सांगितला.

"कोरडी!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वेंकटरावांनीही वाजवल्या, जरा उशिरा.

ते चपला घालत असताना अखिला दारापर्यंत आली. "मामा, पुढच्या शुक्रवारीं तिरुवैयारुहून नव्या बायका येणार आहेत. तुम्हीं याल ना? आज बोललांत तसेंच पहिल्यापासून सगळें सांगायचें."

"येईन कीं!" वेंकटराव एकदम खुलले. "मध्यें मध्यें एकदोन जोकही घालतों."

"नको मामा," अखिला घाईघाईनं म्हणाली. "त्यानें पेशंटचें हसूं जातें."